समुद्रात सगळ्यात जास्त कोण खातं?

या महिन्यात टपालात आणि मेलमध्ये समुद्रावरचे प्रश्न एवढे आलेत की म्हटलं बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकलू. प्रश्न विचारणारे वेगवेगळ्या गावचे, पण उत्तरं फिरून फिरून त्याच मंडळींपाशी येतायत, म्हणजे समुद्रातले एकपेशीय चरणारे, ज्यांची कुणी दखलच घेत नाही. पत्रं थोडी छाटलीयत, राग मानू नका.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्याकडे रात्री लाटा निळ्या चमकतात, पाण्यात पाय टाकला तरी उजेड पडतो. टीव्हीवाले त्याला शेवाळ म्हणतात, शेजारचे काका म्हणतात ते प्राणी आहेत. खरं काय? आणि त्याने मासे मरतात का? (देवगड)

काका निम्मे बरोबर आणि टीव्हीवालेही निम्मे बरोबर, आता हे कसं ते सांगते. चमकणाऱ्या जिवाचं नाव नॉक्टिल्यूका. एकच पेशी, पण पेशी म्हणून अवाढव्य, अर्धा मिलिमीटर ते एक मिलिमीटर, कधी त्याहूनही मोठी. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलंत तर भिजलेल्या साबुदाण्याचे अगदी बारीक दाणे वर तरंगतायत असं वाटेल. प्रत्येक गोळ्याला एक चिकट सोंड असते, तिला अन्न चिकटतं आणि ती ते आत ढकलते. डायटम म्हणजे काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ, ते तर खातंच, पण कोपेपॉडची (कोळंबीच्या जातकुळीतला, जेमतेम दिसणारा बारका जीव) अंडी, माशांची अंडी, समोर येईल ते खातं. माइक्रोस्कोपखाली बघितलं तर गोळ्याच्या आत गिळलेली डायटमची अख्खी साखळी स्पष्ट दिसते. म्हणजे हा खाणारा जीव झाला, काका बरोबर.

पण आपल्या अरबी समुद्रातला नॉक्टिल्यूका हिरवा आहे. त्याच्या पोटात हजारो बारक्या हिरव्या शेवाळपेशी जिवंत राहतात, पोहतात, ऊन खाऊन फोटोसिंथेसिस करतात आणि त्यातलं अन्न मालकाला मिळतं. तेव्हा हा बाहेरचंही खातो आणि घरचंही खातो. टीव्हीवालेही पूर्ण चुकले नाहीत मग.

उजेडाबद्दल बोलायचं तर पाणी हललं की पेशीच्या आतली रसायनं एकमेकांना भेटतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ निळी चमक पडते. का पडते यावर सगळ्यात पटणारी कल्पना अशी की कोपेपॉड खायला आला की चमकायचं, म्हणजे कोपेपॉडला खाणारा मासा उजेड बघून तिकडे येतो. चोर आला की दिवे लावायचे, एवढंच.

आता मासे. नॉक्टिल्यूकात विष असं नसतं, पण त्याच्या अंगात अमोनिया साठलेला असतो आणि दाट थर मरून कुजायला लागला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. खुल्या समुद्रात मासा निघून जातो, खाडीत किंवा पिंजऱ्यातल्या माशांना मात्र पळायला जागाच नसते. खरी चिंता वेगळी आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर यायचा, २००० नंतरच्या वर्षांत त्या जागी हिरव्या नॉक्टिल्यूकाचे मोठमोठे थर दिसायला लागले. मूळचे गोव्याचे आणि आता अमेरिकेत लॅमोंट-डोहर्टी वेधशाळेत असलेले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये मांडलं की खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतंय आणि ते या जिवाला मानवतंय. यावर सगळ्यांचं एकमत नाही, काहींचं म्हणणं असं की ऑक्सिजनपेक्षा डायटमला कवचासाठी लागणारं सिलिकेट कमी पडणं जास्त महत्त्वाचं. वाद चालू आहे. पण एवढं खरं की एवढ्या मोठ्या गोळ्याला खाणारे कमी, सॅल्प आणि जेलीफिश जातीचे जीव सोडले तर फारसं कुणी नाही, त्यामुळे त्या मार्गाला लागलेलं अन्न माशांपर्यंत कमीच येतं.

प्रश्न : आमच्या पुस्तकात समुद्राची अन्नसाखळी अशी दिलीय : शेवाळ, मग कोपेपॉड, मग छोटा मासा, मग मोठा मासा. परीक्षेत हेच लिहायचं का? (अकरावी, पुणे)

परीक्षेत तेच लिही, मार्क जायला नकोत. बाकी वेळी मात्र लक्षात ठेव की त्या साखळीतला सगळ्यात मोठा खाणारा गाळलेला आहे.

जगभरच्या समुद्रात घेतलेल्या शेकडो मोजण्या अल्बर्ट काल्बेट आणि मायकेल लँड्री या दोघांनी २००४ मध्ये एकत्र मांडल्या तेव्हा हिशोब निघाला की सूक्ष्म शेवाळ रोज जेवढं नवीन तयार होतं त्यातलं साधारण ६० ते ७५ टक्के एकपेशीय चरणारेच संपवतात. पुस्तकातल्या चित्रात मानाने बसलेल्या कोपेपॉडच्या वाट्याला थेट शेवाळ येतं ते त्यामानाने फार थोडं, सरासरी १०-१२ टक्क्यांच्या आसपास. आणि हे शेवाळ म्हणजे काही किरकोळ गोष्ट नाही हं, पृथ्वीवरच्या एकूण फोटोसिंथेसिसपैकी जवळजवळ निम्मं समुद्रातलं हे न दिसणारं शेवाळ करतं.

मग हे पुस्तकात का नाही? कारण जाळं. प्लँक्टन म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारके जीव, ते पकडायच्या नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, २०० मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ही मंडळी बहुतेक २०० च्या खालची, काही तर २० च्याही खालची, सरळ आरपार निघून जातात. जी अडकतात ती फुटतात, आणि जी फुटत नाहीत ती फॉर्मलीन टाकलं की विरघळल्यासारखी होतात, कारण त्यातल्या पुष्कळांना कवच नसतं. शंभर-दीडशे वर्षं लोक जाळ्यात जे उरलं त्यालाच समुद्र समजत होते. कवच असलेले तेवढे टिनटिनिड नावाचे सिलिएट (सिलिएट म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय जीव), काचेच्या पेल्यात बसल्यासारखे, ते मात्र आधीपासून माहीत होते, चित्रंही काढलेली आहेत त्यांची आणि काय देखणी आहेत, जमलं तर शोधून बघ.

१९७४ मध्ये लॉरेन्स पोमरॉय यांनी पहिल्यांदा ठामपणे लिहिलं की समुद्रातली बरीच उलाढाल या बारक्या जिवांच्याच हातात आहे. मग १९८३ मध्ये फारूक आझम, टॉम फेंचेल आणि सहकाऱ्यांनी त्याला नीट आकार दिला, त्याला 'मायक्रोबियल लूप' म्हणतात. म्हणजे असं बघ, शेवाळातून साखरेसारखी विरघळलेली द्रव्यं पाण्यात गळत राहतात, मासा ती खाऊ शकत नाही, पण बॅक्टेरिया खातात, बॅक्टेरियांना फ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव, खातात, फ्लॅजेलेटना सिलिएट, आणि सिलिएटला कोपेपॉड खातो, त्याला तर कित्येकदा शेवाळापेक्षा सिलिएटच जास्त आवडतो. असं करत गळून वाया गेलेलं परत साखळीत येतं. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण २० थेंबांत, दहा लाखांच्या आसपास बॅक्टेरिया आणि हजारेक फ्लॅजेलेट असतात. फेंचेल यांनी मोजलं होतं की असा एक फ्लॅजेलेट तासाभरात स्वतःच्या आकारमानाच्या लाखपट पाणी चाळून काढतो. लाखपट! बॅक्टेरिया कितीही वाढले तरी त्यांचा आकडा त्याच दहा लाखांपाशी का घुटमळतो, त्याचं मोठं कारण हे. दुसरं कारण व्हायरस, पण तो विषय परत कधीतरी.

आणि खाण्याच्या पद्धती तर अशा की सांगता सोय नाही. प्रोटोपेरिडिनियम नावाचा डायनोफ्लॅजेलेट आहे, हाही एकपेशीय चरणाराच, त्याला कडक कवच असतं, तोंड उघडून मोठा घास घेणं शक्यच नाही. मग तो काय करतो, आधी एक बारीक धागा टाकून डायटमला अडकवतो, आणि मग कवचाच्या भोकातून स्वतःचा पातळ पडदा बाहेर सोडून त्या डायटमभोवती गुंडाळतो. डायटमची साखळी त्याच्यापेक्षा कितीतरी लांब असली तरी पूर्ण झाकून टाकतो, बाहेरच पचवतो, रस ओढून घेतो आणि पडदा परत आत. मागे उरतात डायटमची रिकामी कवचं. बघायला मिळालं तर सोडू नकोस.

प्रश्न : मी इंजिनीअर आहे. जो दिसत नाही तो किती खातो हे मोजणार कसं? हे आकडे अंदाजपंचे तर नाहीत? (ठाणे)

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. याचं उत्तर १९८२ चं आहे, लँड्री आणि हॅसेट या दोघांचं, आणि युक्ती एवढी साधी आहे की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटतं.

खाणारा आणि खाद्य वेगळे करता येत नाहीत, दोघांचा आकार सारखाच, गाळणीने एकाला गाळावं तर दुसराही जातो. मग त्यांनी ठरवलं की वेगळे करायचेच नाहीत, फक्त त्यांची गाठ पडणं कमी करायचं. समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यातलं थोडं ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं म्हणजे त्यात जिवंत काहीच उरत नाही, आणि हे मोकळं पाणी मूळ पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं. एका बाटलीत मूळ पाणी १०० टक्के, पुढच्यांत ८०, ६०, ४०, २०. अन्नद्रव्यं कमी पडू नयेत म्हणून नायट्रेट-फॉस्फेट थोडं वरून घालतात. मग बाटल्या २४ तास जहाजाच्या डेकवर, समुद्राचंच पाणी खेळवलेल्या टाकीत, उन्हाला जाळी लावून ठेवायच्या, आणि आधी-नंतर क्लोरोफिल, म्हणजे शेवाळातलं हिरवं द्रव्य, मोजायचं, त्यावरून शेवाळ किती ते कळतं.

शेवाळपेशी स्वतःच्या वेगाने दुभंगत राहते, पाणी पातळ केलं म्हणून तिला फरक पडत नाही. पण खाणाऱ्याला पडतो, त्याला घास सापडायला जास्त वेळ लागतो. म्हणून जेवढी बाटली पातळ तेवढी त्यातली शेवाळाची वाढ जास्त दिसते. आलेखावर बिंदू मांडले, सरळ रेषा ओढली की रेषेचा उतार म्हणजे खाण्याचा वेग आणि रेषा शून्य प्रमाणाला जिथे टेकते तो शेवाळाचा खरा वाढीचा वेग. समजा खरा वेग दिवसाला ०.६ आला आणि मूळ पाण्यात दिसला फक्त ०.२, तर मधले ०.४ खाल्ले गेले, म्हणजे तयार झालेल्यातलं दोन-तृतीयांश.

यात खाचखळगे आहेतच. सिलिएट इतके नाजूक की बाटलीत पाणी वरून धबधबा ओतलं तर निम्मे तिथेच फुटतात, म्हणून सिलिकॉनची नळी पाण्याखाली बुडवून हळू, बुडबुडा न येऊ देता भरावं लागतं. मोजणीसाठी ते टिकवायचे तर आयोडीनचं लुगॉल द्रावण, पाण्याचा रंग चहासारखा होईपर्यंत, मग नमुना नळकांड्यात एखादा दिवस खाली बसू द्यायचा आणि उलट्या माइक्रोस्कोपने तळाकडून बघत एकेक मोजायचा. मान आखडते. खाणारे दिवसभरात वाढतात किंवा मरतात, कधी रेषा सरळ येतच नाही, आणि या पद्धतीवर टीका करणारे पेपरही भरपूर आहेत. पण अंदाजपंचे नाही म्हणता येणार, चाळीसेक वर्षं जगभर हेच करून आकडे त्याच पट्ट्यात येतायत.

आणि हो, निसर्गही हाच प्रयोग करतो. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्याच्या वादळांत वरचं पाणी शेकडो मीटर खोल घुसळलं जातं, शेवाळ आणि चरणारे दोघेही पातळ होतात, गाठीभेटी कमी होतात, आणि वसंतातल्या प्रसिद्ध बहराची सुरुवात ऊन वाढायच्याही आधी तिथेच होते असं मायकेल बेरेनफेल्ड यांनी २०१० मध्ये मांडलं. त्याआधी १९५३ पासून स्वेरड्रुप यांचं प्रकाश आणि खोलीचं गणित सर्वमान्य होतं, म्हणजे वसंतात घुसळण उथळ झाली आणि शेवाळाला पुरेसा प्रकाश मिळाला की बहर सुरू. मला स्वतःला बेरेनफेल्डचं म्हणणं बरंच पटतं, कारण बहर म्हणजे नुसती वाढ नव्हे, वाढ आणि खाणं यांच्यातला फरक आहे, आणि आपण नेहमी पहिलाच आकडा बघतो.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण आम्हाला बांगडा आणि तारली मिळण्याशी याचा काय संबंध? (हर्णै)

थेट संबंध आहे. प्रत्येक पायरीला बरंचसं अन्न हालचालीत आणि श्वासात जातं. एकपेशीय जीव तसे काटकसरी, खाल्लेल्यातलं २०-३० टक्के अंगी लावतात, मासा त्याहून कमी, ढोबळमानाने १० टक्के धरतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, मोठे डायटम वाढतात आणि तारली ते सरळ गाळून खाते, एकच पायरी. १००० किलो डायटममागे १०० किलो तारली असं धरा. पण पाणी गरम आणि उपाशी असेल तर शेवाळ अगदी बारीक जातीचं असतं, ते फ्लॅजेलेट खाणार, त्याला सिलिएट, त्याला कोपेपॉड आणि मग कोपेपॉडला बांगडा. तेवढ्याच १००० किलोचे ३००, मग ९०, मग २७ आणि शेवटी तुमच्या टोपलीत अडीच-तीन किलो. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण तिढा असाच आहे.

म्हणून हे बारके खादाड माशांच्या वाईटावर आहेत असं समजू नका. मार्च ते मे अरबी समुद्राचा वरचा थर जवळजवळ उपाशी असतो, क्लोरोफिल नावाला, तरी जाळं टाकलं तर कोपेपॉड वगैरे वर्षभर साधारण तेवढेच सापडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास हे कोडं मांडलं, 'अरेबियन सी पॅराडॉक्स' म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि त्याचं उत्तर मायक्रोबियल लूप, म्हणजे पडत्या काळात बॅक्टेरिया आणि एकपेशीय चरणारेच कोपेपॉडना जगवतात. शिवाय ते अमोनिया टाकतात, तोच परत शेवाळाचं खत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशाच्या पिल्लाचं तोंड एवढंसं असतं की पहिल्या दिवसांत त्याला सिलिएट किंवा कोपेपॉडची पिल्लंच झेपतात. आज तिथे सिलिएट नसले तर पुढच्या मोसमाच्या मासळीत खड्डा पडू शकतो.

प्रश्न : समुद्राचा वास कशाचा असतो? (गिरगाव)

सुकत घातलेल्या बोंबलांचा सोडून म्हणताय ना. त्यातला मोठा भाग डायमिथिल सल्फाइड नावाच्या वायूचा. कित्येक शेवाळपेशींत त्याचा कच्चा माल साठलेला असतो आणि चरणाऱ्याने पेशी फोडली की वायू सुटतो. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी या वासावर मैलोन्‌मैल उडत येतात, जिथे चरणं चालू तिथे आपलंही खाणं असणार म्हणून.

प्रश्न : समुद्रात लोखंड टाकून शेवाळ वाढवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होईल असं वाचलं. मग करत का नाहीत? (न्यू जर्सी)

करून बघितलंय, आणि त्यात आपणही होतो. २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून 'लोहाफेक्स' नावाचा प्रयोग केला. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक प्रमुख, जहाज पोलारश्टेर्न, जागा दक्षिण महासागराचा अटलांटिककडचा भाग. पर्यावरणवाल्यांनी आधी एवढा गदारोळ केला की जर्मन सरकारने मध्येच थांबायला सांगितलं, मग परवानगी दिली. एका भोवऱ्यातल्या ३०० चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेलं लोह सोडलं. शेवाळ दोन आठवड्यांत दुपटीच्या आसपास वाढलं, आणि तिथेच अडलं. कोपेपॉडनी ते फस्त केलं, आणि थेमिस्टो नावाच्या कोळंबीसारख्या जिवाने कोपेपॉड खायला सुरुवात केली. तिथलं सिलिकेट आधीच संपलेलं होतं म्हणून कवचवाले डायटम वाढलेच नाहीत, मऊ मऊ फ्लॅजेलेट जातीचं शेवाळ वाढलं आणि ते कुणालाही खाता येतं. हवेतला कार्बन खरोखर कमी व्हायचा तर तो खोल बुडायला हवा, आणि तळाकडे फारच थोडा कार्बन गेला.

उलट २००४ च्या 'आयफेक्स' प्रयोगात डायटम वाढले आणि बहरातला निम्म्याहून जास्त भाग १००० मीटरच्या खाली गेला. म्हणजे लोखंड तेच, निकाल उलटा, कारण खाल्लं कोणी आणि काय खाल्लं ते वेगळं. कोपेपॉडची विष्ठा निदान गोळी होऊन पटकन बुडते, एकपेशीय चरणाऱ्याची इतकी बारीक की ती वरच तरंगत राहते, बॅक्टेरिया तिला खातात आणि कार्बन श्वासावाटे परत पाण्यात. तेव्हा लोखंडाचा भाव बघून कार्बन क्रेडिट विकायला निघालेल्या कंपन्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा की तुमच्या बहराला चरणारं कोण आहे ते मोजलंय का.

प्रश्न : शाळेत मुलांना असं चरणं दाखवता येईल का? समुद्र आमच्यापासून लांब आहे. (नांदेड, शिक्षिका)

येईल की. ताई, समुद्र लागतच नाही, पॅरामिशियम हासुद्धा सिलिएटच. तळ्याचं पाणी आणि वाळलेलं गवत बरणीत घालून खिडकीत सावलीला आठवडाभर ठेवा, वर पातळ साय येते तिच्याजवळचा थेंब घ्या. शाळेचा साधा माइक्रोस्कोप चालेल, फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी माइक्रोस्कोप, असेल तरी जमेल. बेकरीतलं यीस्ट कॉंगो रेड नावाचा रंग घालून उकळा, गार करा आणि सुईच्या टोकाने किंचित त्या थेंबात सोडा, रंग लॅबमध्येच वापरा आणि हातमोजे घाला. थोड्या वेळात पॅरामिशियमच्या आत लाल ठिपके जमा होतील, आणि बघत राहिलात तर त्यातले काही निळे पडतील, कारण तिथे आम्ल सुटून पचन सुरू झालेलं असतं. पॅरामिशियम फार पळत असेल तर कापसाचे दोन-चार तंतू थेंबात ठेवा म्हणजे तो त्यात अडकून एका जागी थांबतो.